दोनदा सांगणारा

त्याला सगळे भोंगा म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावरच. धंदाच तसा होता. तीनचाकीच्या टपावर दोन कर्णे बांधायचे, एका हातात हँडल आणि दुसऱ्या हातात माइक धरायचा आणि गल्लोगल्ली ओरडत हिंडायचं. सर्कस आली, बोलवा भोंग्याला. नळाला पाणी येणार नाही, बोलवा भोंग्याला. कुणाचं पोर हरवलं, कुणाच्या दुकानात निम्म्या किमतीत माल निघाला, कुणी निवडणुकीला उभा राहिला, तोच पुढे पडला आणि तरी मतदारांचे आभार मानू लागला, सगळं याच्याच गळ्यातून. निवडणुकीच्या दिवसांत तो सकाळी एकाला निवडून द्यायचा आणि दुपारी त्याच्या विरोधकाला, तेही तेवढ्याच जोशात. जिभेला हाड नसतं म्हणतात. भोंग्याच्या जिभेला मतही नव्हतं.

त्याच्या उस्तादाने त्याला एकच गोष्ट शिकवली होती. रस्त्यावरच्या माणसाला काहीही सांगायचं तर दोनदा सांगायचं. पहिल्यांदा सांगितलेलं कानासाठी, दुसऱ्यांदा सांगितलेलं डोक्यासाठी. पहिल्यांदा माणूस नुसता मान वर करतो, समजतं ते दुसऱ्यांदाच. म्हणून ‘उद्या पाणी येणार नाही, उद्या पाणी येणार नाही.’ तीसेक वर्षं असं बोलल्यावर सवय गळ्यातून उतरून हाडात गेली. माइक नसतानाही तो कधी कधी दोनदा बोलायचा. पण नेहमी नाही. कधी बोलायचा आणि कधी नाही, हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं. ते ताईला ठाऊक होतं.

ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. आई गेली तेव्हा हा परकराला धरून उभा राहायच्या वयाचा, आणि हिने शाळा सोडून इस्त्री हातात घेतली. घराच्या पुढच्या खोलीची रस्त्याकडची खिडकी हेच तिचं दुकान. आत टेबल, टेबलावर जुन्या चादरींची जाड घडी, खिडकीच्या कठड्यावर कपड्यांची गाठोडी. कोळशाच्या इस्त्रीवर तिने इतकी वर्षं काढली की पुढे विजेची इस्त्री आली तरी छातीतला धूर काही गेला नाही. दमा कायमचा पाहुणा होऊन बसला. लग्नाचं म्हणाल तर तिचं वय भावाला वाढवण्यात गेलं, आणि भावाचंही कुठे जमलं नाही. एका ठिकाणी बोलणी बरीच पुढे गेली होती, पण मुलीकडच्यांनी कळवलं, मुलगा गुणी आहे, पण घरात एवढा आवाज नको.

तर अशी ही दोन माणसं एका छपराखाली म्हातारपणाकडे चालली होती, आणि मध्येच ती साथ आली.

पहिलं वर्ष कसंबसं गेलं. सर्कस नाही, सभा नाही, सेल नाही. भोंग्याची गाडी दाराशी ताडपत्री पांघरून उभी. कपडे इस्त्रीला येईनात, कारण इस्त्रीचे कपडे घालून जायचं कुठे? दुसऱ्या वर्षी लस आली. ताईच्या वयाच्यांना आधी, मग भोंग्याच्या वयाच्यांनाही ती मिळू लागली. आता सुटलो, असं लोक म्हणायला लागले न लागले तोच आकडे पुन्हा चढले. नगरपालिकेने दुकानं चारला बंद करायचा हुकूम काढला, आणि सगळं गाव एकमेकांच्या अंगावर धावून गेलं.

भोंग्याला मात्र सुगी आली. सकाळी नगरपालिकेचं काम. ‘लस घ्या, लस घ्या. स्वतःसाठी घ्या, घरच्यांसाठी घ्या.’ संध्याकाळी व्यापारी संघटनेचं काम. ‘दुकानं बंद म्हणजे चूल बंद, दुकानं बंद म्हणजे चूल बंद.’ गाडी तीच, कर्णे तेच, गळा तोच. सकाळी ज्या बाईने त्याला हात जोडले तीच संध्याकाळी खिडकी आपटून लावायची. कुणी दुतोंडी म्हटलं तर तो हसायचा आणि म्हणायचा, माझं तोंड एकच आहे बाबा, भाड्याने देतो एवढंच.

पण आतून त्याला स्वस्थता नव्हती. रात्री कूस बदलायचा, दिवसा उगाच गाडीच्या तारा काढून पुन्हा जोडायचा. कारण लस घ्या, लस घ्या म्हणून गाव डोक्यावर घेणाऱ्या भोंग्याने स्वतः लस घेतली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मनात एक भीती होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. कुठल्याशा गवयाचा लसीनंतर आवाज बसला, तो परत आलाच नाही, असं त्याच्या कानावर आलं होतं. कोण गवई, कुठला, काही पत्ता नाही. पण ज्याचा गळा हेच दुकान, त्याला असं काही ऐकलं की ते बाहेर काढता येत नाही. मरणाची भीती त्याला कमी वाटत होती, घोगरा आवाज घेऊन जगायची जास्त.

आणि ताई त्याच्यासाठी थांबली होती. हीच सगळ्या गोष्टीची मेख. तो लहान असताना कडू औषध आधी ती चाखायची, तोंड वाकडं न करता गिळायची आणि मग चमचा त्याच्या तोंडाशी न्यायची. आता ती म्हणाली, या वेळी तू आधी चाख, मग मी घेते. तुझी नाही घेतलीस तर माझीही राहू दे. दम्याच्या माणसाने असा हट्ट धरू नये हे तिला समजत नव्हतं असं नाही. पण हट्ट हा समजुतीच्या शेजारी राहतो आणि तिच्याशी बोलत नाही. भोंगा म्हणे, घेतो गं, घेतो. आणि गाडी काढून निघून जाई.

ताईच्या खिडकीशी रोज वादाची बैठक भरत होती. एका बाजूला निवृत्त मास्तर. ते नगरपालिकेच्या बाजूचे, अगदी हिरिरीने. त्यांच्यासोबत सकाळी फिरायला जाणारे त्यांचे जिवलग मित्र पहिल्या लाटेत गेले होते, आणि तेव्हापासून मास्तरांना कुणी मास्क नाकाखाली ओढलेला दिसला की राग आवरत नसे. दुसऱ्या बाजूला चपलांच्या दुकानाचा मालक. सगळे त्याला बूटवाला म्हणत. लोक कामावरून सुटून चपला घ्यायला येणार संध्याकाळी आणि शटर ओढायचं चारला. त्याचं दुकान बुडत चाललं होतं. तो म्हणे, साथ काय घड्याळ बघून येते का मास्तर? सगळे चारच्या आत उरकायला धावतात आणि दुपारी गर्दी दुप्पट होते. मास्तर म्हणत, मग सगळाच दिवस बंद ठेवा. बूटवाला म्हणे, तुम्हाला पेन्शन आहे, तुम्ही आयुष्यभर बंद ठेवाल. खरं सांगायचं तर दोघांचंही थोडं थोडं खरं होतं, म्हणूनच भांडण मिटत नव्हतं. ताई दोघांचे कपडे घडी घालून देई, आणि दोघांनी विचारलं, ताई, तुमचं काय मत, तर म्हणे, तुमच्या कॉलरी फाटल्यात, बदलून घ्या.

मग जाहीर चर्चा ठरली. बाजाराच्या मोकळ्या मैदानात, खुर्च्या लांब लांब मांडून, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाई, मास्तर, बूटवाला आणि ज्याला बोलायचं तो. दवंडी अर्थातच भोंग्याची, आणि माइकही त्याचाच.

चर्चा कसली, कुस्तीच ती. मास्तर बोलायला उभे राहिले आणि मित्राचं नाव घेता घेता थांबले. पुढच्या रांगेतल्यांनी माना खाली घातल्या. बूटवाल्याने दुकानात कामाला असलेल्या बाईला घरी बसवावं लागलं ते सांगितलं. तेव्हाही त्याच माना खाली गेल्या. मग कुणी तरी मागून ओरडलं की लस म्हणजे थोतांड आहे, कुणी त्याला बस म्हणालं, दोन खुर्च्या उलथल्या. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं की लस घेतली म्हणजे आजार होणारच नाही असं नाही, पण झाला तर जिवावर बेतण्याची शक्यता पुष्कळ कमी होते, आणि ज्यांना दमा, साखर, हृदय असं काही आहे त्यांनी तर वेळ घालवूच नये. मग त्यांनी विचारलं की इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी घेतली. मास्तरांचा हात वर गेला. आणि बूटवाल्याचाही गेला. मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले. बूटवाला म्हणाला, मी शटरच्या विरोधात आहे, सुईच्या नाही.

लोक हसले. भोंगा माइकच्या मशीनमागे बसून बटणं फिरवत होता. त्याचे हात मात्र बटणांवरून वर गेले नव्हते.

हसू ओसरल्यावर मागच्या रांगेतून ताई उठली. तिला एवढ्या लोकांत उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. भोंग्याला वाटलं, ती डॉक्टरीणबाईंना दम्याचं विचारणार. तो लगबगीने माइक घेऊन तिच्याजवळ गेला आणि तिच्या तोंडासमोर धरला.

“माझा प्रश्न माइकवाल्याला आहे,” ती म्हणाली. “तू घेतलीस का?”

कर्ण्यांतून तो प्रश्न मैदानभर फिरला. भोंग्याने माइक आपल्याकडे वळवला. सगळं गाव बघत होतं. सकाळी लस घ्या म्हणणारा माणूस, सगळ्यांच्या देखत, नाही कसं म्हणणार? त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, “घेतली, घेतली.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई म्हणाली, बरं. खाली बसली, पदर सारखा केला आणि थोड्या वेळाने सभा अर्धी सोडून घरी निघून गेली.

तो घरी पोचला तेव्हा ती इस्त्री करत होती. त्याचं डोकं तापलेलं होतं, आणि चूक आपली असली की डोकं जरा जास्तच तापतं. साऱ्या गावासमोर विचारायची काय गरज होती, घरात विचारता आलं नसतं का, असं तो बोलत सुटला. ताईने इस्त्री उभी करून ठेवली.

“घरात विचारते तेव्हा तू गाडी काढून जातोस,” ती म्हणाली. “म्हटलं, माइक सोडून तर जाणार नाहीस.”

“मग दिलं ना उत्तर.”

“दिलंस. दोनदा दिलंस.” ती शर्टाच्या बाह्या दुमडत म्हणाली. “लहानपणी अभ्यास केला नाहीस की म्हणायचास, केला, केला. बाहेर खाऊन आलास की म्हणतोस, भूक आहे, भूक आहे. खरं असतं ते तू एकदाच बोलतोस. दोनदा बोलतोस ते सगळं भाड्याचं.”

तीस वर्षं गावाला ऐकवत आलो आणि आपल्यालाच ऐकू आलो नाही, हे त्या क्षणी भोंग्याच्या लक्षात आलं, आणि त्याला शरम वाटली. पण शरम वाटणं वेगळं आणि रांगेत जाऊन उभं राहणं वेगळं.

लसीकरण शाळेत चाललं होतं. दुसऱ्या दिवशी तो गेला. पोरांच्या ठेंगण्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, फळ्यावर आजचा सुविचार तसाच राहून गेला होता. त्याचा नंबर जवळ आला, आणि पुढचा माणूस सुई टोचून घेऊन उठला तो खाकरला. नुसता खाकरला, माणसं खाकरतातच. भोंगा उठला आणि संध्याकाळची दवंडी आहे म्हणत बाहेर पडला. त्यानंतर रोज तो शाळेपर्यंत जायचा. कधी रांग मोठी होती, कधी गाडीचं चाक बसलं होतं, कधी उगाच. सबबींना काय, त्या मागाव्या लागत नाहीत. शाळेच्या फाटकाशी गाडी लावून तो कर्णे चालू करायचा आणि आत जाणाऱ्यांना सांगायचा, घाबरू नका, घाबरू नका.

एका सकाळी असंच म्हणताना त्याचा त्यालाच आवाज ऐकू आला. दोनदा. त्याने माइक बंद केला, गाडीची किल्ली काढली आणि आत गेला. सुई टोचली ती कळलीही नाही. अर्धा तास बसवून ठेवलं, तेवढा वेळ तो हळू आवाजात आकडे म्हणून गळा तपासत होता. गळा होता तसाच होता. एवढंच होतं तर, असं त्याला वाटलं, आणि स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली. तो दवंडी टाकून घराकडे सुटला. ताईला सांगायचं होतं, आणि एकदाच सांगायचं होतं. वाटभर त्याने तो शब्द तोंडात धरून ठेवला.

खिडकी बंद होती. भर दिवसा ताईची खिडकी बंद कधी नसे. आत इस्त्री गार पडली होती, आणि ती स्टुलावर शाल पांघरून बसली होती.

“घेतली,” तो म्हणाला.

ताईने मान वर केली. चेहरा तापाने लाल झाला होता, तरी ती हसली. “बघ,” ती म्हणाली, “जमतं की तुला. मला जरा कणकण आहे. ताप उतरला की जाऊ.”

ताप उतरला नाही. तपासणी झाली, जे यायचं तेच आलं, आणि दोन दिवसांत धाप अशी वाढली की तिला मोठ्या दवाखान्यात हलवावं लागलं. बूटवाल्याने अर्धं शटर ओढून आपली गाडी काढली. मास्तर ओळखीच्यांना फोन करून खाट मिळवत राहिले, आणि त्या एका दिवशी दोघं एकमेकांशी भांडले नाहीत. दाराशी भोंग्याला अडवलं. आत फक्त आजाऱ्याने जायचं. तिला चाकांच्या खुर्चीवरून ढकलत नेलं, आणि तिने मागे वळून कठड्यावरची गाठोडी कुणाची कुठली ते सांगायला तोंड उघडलं, पण दम पुरला नाही.

तेव्हापासून, गाठोडी ज्याची त्याला देऊन आला तेवढा वेळ सोडला तर, तो दवाखान्याच्या फाटकाबाहेर होता. बसायचा, उठायचा, भिंतीकडेने टोकापर्यंत जायचा आणि परत यायचा. मनात एकच चक्र. खिडकीशी गिऱ्हाइकं येत होती, त्यांच्यातल्या कुणाकडून लागलं असेल. की सभेत लागलं? सभेला ती आली होती ती चर्चा ऐकायला नव्हे, त्याला एक प्रश्न विचारायला. त्याने घरात नीट उत्तर दिलं असतं तर ती घरातच राहिली असती. त्याने वेळेवर रांग धरली असती तर तिनेही कधीच धरली असती. याचा हिशेब कुणी मागितला नव्हता, तोच मागत होता आणि तोच देत होता, आणि तो काही जुळत नव्हता.

गाव तिकडे वाद घालतच होतं. शटर चारला की सहाला, यावर नवा अर्ज, नवी बैठक. संघटनेचा फोन आला, दवंडी आहे. त्याने नाही म्हटलं. नगरपालिकेचा आला, त्यालाही नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने दोन्ही बाजूंना एकच उत्तर दिलं.

सकाळी डॉक्टर बाहेर आले होते. थकलेला तरुण माणूस, चेहऱ्यावर मास्कचे वळ. भोंग्याने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, आम्ही सगळं करतोय, पण आत्ता काहीच सांगता येत नाही, मनाची तयारी ठेवा. हे ते एकदाच म्हणाले.

दुपारी फोन वाजला. आतली नर्स होती. ताईंना बोलायचंय, म्हणाली, फार बोलायला लावू नका. मग फोनमध्ये नुसती हवेची सूं सूं ऐकू आली, आणि त्या आवाजाच्या मागून ताई.

“कपडे दिलेस?”

“दिले. मास्तरांचा तो कॉलर फाटलेला शर्ट तेवढा राहिलाय.”

तिने आधी श्वास गोळा केला. “एक विचारते. खरं सांग. येईन का मी घरी?”

डॉक्टरांचं सकाळचं बोलणं त्याच्या कानातच होतं. रस्त्यावरून माणसं जात होती, कुणी त्याच्याकडे बघतही नव्हतं. त्याने फोन कानाशी घट्ट धरला.

“येशील,” तो म्हणाला.

आणि लगेच दुसरा ‘येशील’ आपोआप जिभेवर आला. तीस वर्षांची सवय, ती काय विचारून येते? त्याने मोकळ्या हाताने आपलं तोंड दाबून धरलं. बोटं गालात रुतली. फोनमध्ये हवा वाहत होती. ताई वाट बघत होती, त्याला माहीत होतं ती कशाची वाट बघते. तो श्वासही न घेता उभा राहिला.

“बरं,” ताई म्हणाली. आवाजात हलकं काही तरी होतं, लहानपणी चमचा रिकामा झाल्यावर असायचं तसं. “मग ठीक आहे.”

फोन बंद झाला. बंद झाला याची त्याने नीट खात्री केली, पडद्याकडे बघून. मग तोंडावरचा हात काढला, आणि भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाला, “येशील.”